एमजे गेला

2009 साली आमच्या घरी इंटरनेट रात्री दोन ते सकाळी आठ फुकट असायचं. दिवसा मात्र थेंबाथेंबाला पैसे पडत. अशा वेळी कुठलाही सरळमार्गी पुणेकर करील तेच मी केलं. रात्री पावणेदोनचा गजर लावायला लागलो. उठायचं, चूळ भरायची, मॉडेमचे चारही दिवे हिरवे आहेत ना बघायचं आणि फुकटात जे उतरवून घेता येईल ते घ्यायचं. ज्ञानेश्वरीवरची दोनशे अकरा प्रवचनं, हिमालयातली फुलं, तीस दिवसांत जर्मन, घरच्या घरी सौरचूल. यांतलं मी आजवर काही ऐकलेलं, बघितलेलं, बोललेलं किंवा शिजवलेलं नाही. पण फुकट होतं. समोरच्या बिल्डिंगमधल्यांना वाटायचं, मी ब्राह्ममुहूर्तावर साधनेला बसतो. हिला काय वाटायचं ते ही स्पष्ट शब्दांत सांगायची, म्हणून इथे देत नाही.

26 जूनची पहाट. प्रवचन क्रमांक एकशे चौसष्ट एकाहत्तर टक्के उतरलं होतं. तीन वाजून वीस मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात टुणकन एक खिडकी उघडली. कॅलिफोर्नियातला पुतण्या. त्याच्याकडे दुपार, म्हणजे ऑफिसात काम करत असल्याची वेळ. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची त्याची सवय. त्याने एवढंच लिहिलं होतं:

"काका, एमजे गेला."

मी लिहिलं, "कधी?" उत्तर नाही. "कसे?" उत्तर नाही. तिसऱ्या प्रश्नाला यंत्राने सांगितलं की निरोप पोहोचलेला नाही, आणि पुतण्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका करडा झाला.

आता इथे थोडा खुलासा हवा. एमजे म्हणजे आमचे अंधेरीचे काका, वडिलांचे चुलतभाऊ. सरकारच्या एका खात्यात हिशेब तपासण्यात त्यांची हयात गेली. हजारो फायलींवर त्यांनी नावाची ती दोन आद्याक्षरं मारली, आणि शेवटी ती त्यांनाच चिकटली. घरात लहानथोर सगळे त्यांना एमजेच म्हणतात. जळगावच्या आमच्या एका मामींची तर कित्येक वर्षं समजूत होती की ते तिथल्या एम. जे. कॉलेजात शिकवतात. काका बिनलग्नाचे, एकटे राहणारे, तेव्हा वय एकाहत्तर. रक्तदाब होता, पण तो काकांचा नव्हे, त्यांच्याशी बोलणाऱ्यांचा.

खरं सांगायचं तर मला आधी राग आला आणि मग दुःख झालं. 'गेला' काय? चार वर्षं अमेरिकेत काय राहिला, आजोबांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे! इंग्रजी अक्षरांत 'गेला' आणि 'गेले' यांच्यात एका अक्षराचा फरक. तेवढं अक्षर बदललं असतं तर बोटं झिजली असती का? या तात्त्विक विचारात माझी दोन मिनिटं गेली. त्या दोन मिनिटांत माझ्या डोक्यात हे आलं नाही, की व्याकरण बरोबर असेल आणि माणूस दुसरा असेल.

हिला उठवलं.

"अगं, एमजेकाका गेले."

"इतक्या रात्री कुठे गेले?"

"गेले म्हणजे... गेले."

ती उठून बसली. "कोणी सांगितलं?"

"नेटवर आलंय," मी म्हणालो.

यात खोटं काही नव्हतं. नेटवर आलंच होतं. पण हे दोन शब्द तोंडातून सुटले आणि पुढचा सगळा अनर्थ त्यांनीच केला.

काकांचं एक पत्र पूर्वी एका दैनिकात वाचकांच्या पत्रव्यवहारात छापून आलं होतं, रेल्वेच्या तिकीटखिडकीवर सुटे पैसे मिळत नाहीत या विषयावर. तेवढ्या भांडवलावर मला वाटलं, बातमी आली असेल. म्हणून बातम्यांचं एक पान उघडायला गेलो. उघडेना. पांढरं पान, वर फिरणारं चक्र. दुसरं बघितलं, तेच. तिसऱ्याचं निम्मं डोकं आलं, खाली काही नाही. मी मॉडेम बंद करून चालू केला. मागची वायर काढली, फुंकली, लावली. चारांपैकी तिसरा दिवा लुकलुकत होता. तो नेहमीच लुकलुकायचा, पण त्या रात्री तो मला आजारी दिसला. शेवटी कंपनीला फोन लावला. भाषेसाठी एक दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा करत बारा मिनिटांनी एक झोपाळलेला मुलगा आला.

"सर, मॉडेम बंद करून चालू करून बघता का?"

"तीनदा केलं. अहो, आमच्याकडे माणूस गेलाय!"

"तक्रार नोंदवतो सर. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल."

"अहो, माणूस गेलाय!"

"येईल सर. अठ्ठेचाळीस तासांत नक्की येईल."

मग मी सांगलीच्या आत्याला फोन केला. वाचक विचारतील, काकांच्याच घरी का नाही केला? केला नाही, कारण गेलेल्या माणसाला फोन करणं मला तर्काला धरून वाटेना. शिवाय एक गोष्ट कबूल करायला हवी. एवढी मोठी बातमी हातात असताना माणसाला ती तपासायची नसते, सांगायची असते. तपासण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात दुसरा कोणी सांगून मोकळा होतो. आमच्या घराण्यात 1984 पासूनचं प्रत्येक मरण सगळ्यांत आधी डोंबिवलीच्या चुलतभावाने कळवलेलं आहे. या वेळी मी त्याला मागे टाकणार होतो.

"आत्या, मन घट्ट कर."

"केलं. बोल."

"एमजेकाका गेले."

"अगोबाई! परवाच तर बोलला रे माझ्याशी!"

हे वाक्य त्या पहाटे प्रत्येकाने उच्चारलं. प्रत्येकाशी काका परवाच बोलले होते. मग आत्याने विचारलं, "खरं ना पण?" आणि मी पुन्हा म्हणालो, "नेटवर आलंय."

आत्याने कोल्हापूरला कळवलं तेव्हा ते 'टीव्हीवर दाखवतायत' झालं. कोल्हापूरहून नागपूरला जाताना त्याला हार्ट जोडलं गेलं. नागपूरहून बेळगावला पोचेपर्यंत काका बाथरूममध्ये पडलेले होते. चार वाजून दहा मिनिटांनी डोंबिवलीच्या चुलतभावाचा मला फोन आला.

"तुला कळलं का? एमजे गेले. बाथरूममध्ये पडले. टीव्हीवर दाखवतायत."

माझी बातमी मलाच सांगत होता, तीही त्याच्या नेहमीच्या घशात दाटलेल्या आवाजात. संताप आला. पण त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी, की बाथरूमचं मला माहीत नव्हतं. मी लगेच आत्याला फोन केला आणि म्हणालो, "आत्या, बाथरूममध्ये पडले होते म्हणे." आत्या रडत म्हणाली, "बघ! मला वाटलंच होतं." म्हणजे माझ्याकडून निघालेली बातमी पाच गावं फिरून, अंगाखांद्यावर दागिने घालून माझ्याकडे परत आली, आणि मी तिला ओळखलं नाही. वर दुजोरा मिळाला म्हणून समाधान मानलं.

एव्हाना सगळ्यांनाच काकांच्या घरी फोन करावासा वाटू लागला होता. कोणी उचललं तर अंत्यदर्शनाची वेळ तरी कळेल. आणि इथे घोटाळ्याने शेवटचं टोक गाठलं. फोन एंगेज! ज्याने लावला त्याला एंगेज. साताऱ्याचा भाऊ म्हणाला, "एंगेज आहे म्हणजे घरात माणसं जमली आहेत. म्हणजे नक्कीच." एंगेज होता तो आम्हीच सगळे एकदम लावत होतो म्हणून, हे कोणाच्या मनात आलं नाही.

या साताऱ्याच्या भावाबद्दल दोन शब्द. तो घरचा लेखक. घराण्यातल्या साठीपुढच्या सगळ्यांचे मृत्युलेख त्याच्याकडे तयार असतात. फक्त तारीख आणि वार घालायचा. काकांचा लेख त्याने आपल्या सासऱ्यांच्या लेखावरून बेतला होता. पहाटे साडेचारला त्याने तो मला फोनवर वाचून दाखवला. त्यात आमचे बिनलग्नाचे, हिशेबतपासनीस काका शिक्षणमहर्षी होते, त्यांनी दोन आश्रमशाळा काढल्या होत्या, आणि त्यांच्या पश्चात पत्नी, तीन मुलगे, सुना व नातवंडे असा परिवार होता. मी म्हणालो, "अरे, काकांना मुलगे?" तो म्हणाला, "ते नंतर बघू. आधी सूर कसा वाटतोय ते सांग."

साडेपाचला हिने टीव्ही लावला. खाली पट्टी धावत होती. पॉपसम्राट मायकल जॅक्सन यांचे निधन. ती पट्टी तीनदा गेली तरी मी प्रसारमाध्यमांना शिव्या देत होतो, की अमेरिकेतला एक नाच्या गेला तर त्याचं एवढं कौतुक आणि आमच्या काकांचा उल्लेख नाही. हिने रिमोट खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. आणि अगदी शांतपणे, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "एम. जे."

त्या रात्री जगात काय झालं ते मला पुढच्या आठवडाभरात वर्तमानपत्रांतून कळलं, आणि काय सांगू, थोडा धीर आला. लॉस एंजेलिसच्या इस्पितळात जॅक्सनला मृत घोषित केलं ते तिथल्या दुपारी दोन वाजून सव्वीस मिनिटांनी. आपल्याकडे पहाटे तीनला चार मिनिटं कमी. अठरा मिनिटांत टीएमझी नावाच्या संस्थळाने ती बातमी दिली. आता टीएमझीची ख्याती म्हणजे नटनट्यांच्या भानगडी. चावडीवरच्या गप्पांना जेवढी किंमत, तेवढी त्याच्या शब्दाला. त्यामुळे ज्याने ज्याने वाचलं त्याने त्याने म्हटलं, छे, जरा खात्री करून घेऊ. आणि सगळं जग एकाच मिनिटाला खात्री करायला निघालं.

तिथेच सगळं अडलं. बातम्यांची पानं एरवी चार सेकंदांच्या आत उघडायची, त्यांना नऊ-नऊ सेकंद लागायला लागले. ट्विटर कोलमडलं; ते कोलमडलं की पडद्यावर पाखरांनी दोरीने उचललेला एक देवमासा दिसायचा. एओएलची निरोप धाडायची व्यवस्था चाळीस मिनिटं बंद. विकिपीडियावर जॅक्सनच्या पानाला तासाभरात दहा लाखांच्या आसपास लोक येऊन गेले, आणि तिथे वेगळंच युद्ध चाललं होतं. एकजण 'आहे'चं 'होता' करी, दुसरा पुरावा मागत 'होता'चं परत 'आहे' करी. शेवटी पानाला कुलूप लावावं लागलं. एका माणसाचा जीव क्रियापदाच्या काळात अडकून पडलेला, आणि दोन्ही बाजूंना व्याकरणाचे मास्तर!

पण खरी मजा गूगलची. जगभरातून एकच नाव एवढ्या वेगाने विचारलं जायला लागलं, की गूगलच्या बातम्यांच्या यंत्राला वाटलं, आपल्यावर हल्ला झाला. विचारायला येणाऱ्या भल्या माणसांना ते सांगायला लागलं, माफ करा, पण तुमची विचारणा एखाद्या विषाणूने केल्यासारखी दिसते. पंचवीसेक मिनिटं हे चालू होतं. पुढे कंपनीनेच हे प्रांजळपणे लिहून टाकलं. मला त्या यंत्राबद्दल आदर वाटतो. तीन-साडेतीन वाजता ज्या उत्साहाने मी फोन फिरवत होतो तो बघून माझ्याबद्दलही कोणाचं दुसरं मत झालं नसतं.

त्याच दिवशी जेफ गोल्डब्लम या नटालाही लोकांनी न्यूझीलंडमधल्या एका कड्यावरून खाली टाकलं. बिचारा लॉस एंजेलिसमध्ये होता. ऑस्ट्रेलियातल्या एका वाहिनीने तर हे थेट प्रक्षेपणात सांगून टाकलं. चार-पाच दिवसांनी गोल्डब्लम स्टीफन कोल्बेरच्या कार्यक्रमात गेला आणि स्वतःच्या मृत्यूवर स्वतःच श्रद्धांजलीचं भाषण केलं. स्वतःबद्दल चार शब्द बरे ऐकायचे तर ते आपणच बोलावेत, हे त्याला कळलं होतं.

साताऱ्याच्या भावाला मी सीएनएनची गोष्ट सांगितली तेव्हा तोही खुलला. 2003 मध्ये सीएनएनने जिवंत माणसांसाठी तयार ठेवलेले मृत्युलेख चुकून लोकांच्या हाती लागले. त्यांतले काही तयार साच्यातून काढलेले, आणि साचा ब्रिटनच्या राजमातेचा. त्यामुळे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी ब्रिटनची लाडकी आजी झाले होते. "म्हणजे माझं काही चुकलं नाही," भाऊ म्हणाला. "हीच पद्धत आहे."

तर, त्या पहाटे सहा वाजता मी काकांना फोन केला. या वेळी लागला.

"हॅलो," काका म्हणाले. "तू चोविसावा."

मग कळलं, पलीकडे रात्रभर काय चाललं होतं ते. फोन एंगेज लागायचा, पण सगळ्यांनाच लागायचा असं नाही. तेवीस जणांना लागला होता. पहिली नागपूरची वहिनी.

"हॅलो, एमजेकाका गेले का हो?"

"कुठे?"

"म्हणजे... वारले का?"

"आपण कोण? आणि हे आपल्याला कोणी कळवलं?"

"टीव्हीवर दाखवतायत."

"लेखी काही आहे का?"

इथे वहिनींनी आवाज ओळखला आणि फोन ठेवून दिला. आणि नंतर? नंतर त्या गप्प बसल्या. एका माणसालाही त्यांनी कळवलं नाही, की काका आहेत, मी बोलले त्यांच्याशी. कळवलं असतं तर आपण फसलो हे सांगावं लागलं असतं. त्यांच्यानंतरच्या बावीस जणांनीही हेच केलं. आवाज ऐकायचा, दचकायचं, फोन ठेवायचा आणि पांघरूण ओढून घ्यायचं. काका गेल्याचं पन्नास लोकांनी पन्नास लोकांना सांगितलं. काका असल्याचं तेवीस जणांना माहीत होतं आणि त्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. डोंबिवलीच्या भावाला तर काका असल्याचं तीन पन्नासला कळलं होतं. मला त्याने फोन केला चार वाजून दहा मिनिटांनी. मी पुढे त्याला याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "अरे, एकदा सुरुवात केली की मध्येच कसं थांबणार?"

काकांनी सगळ्यांची नोंद ठेवली होती. जुन्या हिशेबाच्या वहीत रकाने आखून: वेळ, नाव, गाव, शेरा, मागचा फोन. शेऱ्याच्या रकान्यात 'रडली', 'रडला नाही', 'रडण्याचा प्रयत्न', 'पाचशे रुपये येणे, उल्लेख नाही' असं लिहिलेलं. शेवटच्या रकान्यात प्रत्येकाने यापूर्वी कधी फोन केला होता त्याची तारीख. परवाची एकही नव्हती. माझ्यापुढे 'दिवाळी 2007' होतं.

"पुतण्या म्हणाला एमजे गेला," मी कसंबसं सांगितलं. "तो मायकल जॅक्सनबद्दल बोलत होता."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग काका म्हणाले, "या माणसाने माझी झोप दुसऱ्यांदा घालवली."

पहिल्यांदा घालवली ती 1 नोव्हेंबर 1996ला. अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात जॅक्सनचा कार्यक्रम झाला होता, शिव उद्योग सेनेसाठी. काकांची इमारत त्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, आणि जॅक्सनची हाक तर दूरवर पोचणारी. खिडकीच्या काचा थरथरत होत्या म्हणे. त्यात आठवडाभर शेजारीपाजारी येऊन विचारत, "काय एमजे, तयारी झाली का?" आणि वर कार्यक्रमाला करमणूककर माफ! हा काकांच्या वर्मी लागलेला घाव. त्या करमाफीवर पुढे वर्षानुवर्षं वाद चालला आणि राज्य मंत्रिमंडळाने तो प्रश्न निकाली काढला 2021च्या जानेवारीत. माणूस गेल्याची बातमी अठरा मिनिटांत सुटली, आणि त्याच्या तिकिटांवरचा कर सुटायला चोवीस वर्षं लागली. काका म्हणतात, चोवीस वर्षंच बरोबर. कागद त्याच वेगाने हलला पाहिजे.

काकांच्या 'लेखी काही आहे का'ला इतिहास आहे. 22 मार्च 1979ला जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक इस्पितळात होते. लोकसभेत खुद्द पंतप्रधान मोरारजी देसाईंनी जेपी गेल्याचं सांगितलं. सभागृहात श्रद्धांजली झाली, कामकाज थांबलं, आकाशवाणीने बातमी दिली. आणि जेपी जसलोकमध्ये जिवंत! तेव्हा नेट नव्हतं, मोबाइल नव्हता, कोणाचा पुतण्या कॅलिफोर्नियात नव्हता. काकांच्या कार्यालयाने दुखवटा म्हणून दुपारीच सगळ्यांना घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न उभा राहिला, की ज्या मृत्यूसाठी अर्धा दिवस दिला तो झालेलाच नाही, तर ती अर्धी रजा कोणाच्या खात्यातून वळती करायची? यावर खात्यात सहा महिने पत्रव्यवहार झाला. तो निकालात निघायच्या आत, 8 ऑक्टोबरला, जेपी खरोखर गेले. काकांनी फाइलवर 'प्रश्न उरला नाही' असा शेरा मारला.

"जेपींना संसदेने मारलं, मला तुम्ही," काका त्या पहाटे म्हणाले. आवाजात किंचित अभिमान होता असं मला वाटलं.

एवढ्यात सांगलीहून निघालेली सुमो कऱ्हाड ओलांडून गेली होती. आत्या, तिचे दीर, दोन भाचे आणि पुढच्या सीटवर हार. त्यांना फोन करून सांगितलं तेव्हा साताऱ्याजवळ चहाला थांबले होते. मग आपापसात चर्चा झाली. गाडी मुंबईपर्यंतची ठरवलेली, पैसे आगाऊ दिलेले, हारवाला परत घेणार नाही. "आलोच आहोत तर भेटून येऊ," आत्या म्हणाली. दुपारी जेवायच्या वेळेला ते अंधेरीत पोचले. मीही गेलो होतो. काकांनी दार उघडलं, आत्याने हुंदका दिला, आणि कोणालाच पुढे काय करायचं सुचेना. शेवटी काकांनीच भाच्याच्या हातातून हार घेतला. निशिगंधाचा, मध्ये गुलाब, जाड, पानावर पाणी मारलेलं. त्यांनी तो हातात तोलला, नाकाशी नेला, एक कळी दाबून बघितली.

"केवढ्याला?"

"साडेतीनशे," भाचा म्हणाला.

"फसवलं तुला," काका म्हणाले आणि तो गळ्यात घालून पानावर बसले.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आहे आणि प्रत्येकजण डोंबिवलीचा झाला आहे. 2022च्या नोव्हेंबरमध्ये अभिनेते विक्रम गोखले पुण्यात इस्पितळात होते. ते असतानाच ते गेल्याची बातमी पसरली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्रीतून एकेचाळीस जणांनी हात जोडले. त्यात मीही होतो, नववा. सकाळी त्यांच्या घरच्यांनी सांगितलं की ते आहेत. मग एकेकाने आपापली श्रद्धांजली पुसायला घेतली. ग्रुप उघडावा तर वरपासून खालपर्यंत 'हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे' ही एकच ओळ, एकेचाळीस वेळा. मधे फक्त सेक्रेटरींचा पाण्याच्या टाकीचा मेसेज. चुकलो असं कोणी लिहिलं नाही. 26 तारखेला गोखले गेले तेव्हा संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सामसूम होती. पहिला कोण होणार म्हणून सगळे थांबले होते. ज्या घरात माणूस शेवटच्या दुखण्यात आहे तिथले फोन त्या दिवसांत कसे वाजले असतील, हे मला आमच्या काकांच्या वहीवरून थोडंफार कळतं. तिथे नुसते तेवीस होते, आणि माणूस ठणठणीत होता.

एमजेकाका आता सत्त्याऐंशीचे आहेत. 2009च्या त्या प्रकारानंतर त्यांनी एक व्यवस्था लावली. रोज सकाळी सहाला सगळ्या नातेवाइकांना एका शब्दाचा निरोप: "आहे." सुरुवातीला एसएमएस होता, आता ग्रुपवर येतो. खाली तारीख आणि दोन आद्याक्षरं. एकदा सहा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत आला नाही तर साताऱ्याच्या भावाने लेख उघडून ठेवला होता. काका चार्जर शोधत होते. लेखात अजून तीन मुलगे आहेत.

पुतण्या आजही 'गेला' असंच लिहितो.

आजचा निरोप सहा वाजून दोन मिनिटांनी आला आहे. हे वाचून कोणी खात्री करायला अंधेरीला फोन करू नये, ही विनंती. लाइन अडते.